कलाकृती आणि तिचे स्थान

(जबलपूर येथील रिछाई भागात मराठी वाचकांच्या मेळाव्यात अनुवादकर्त्रीने दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



इटलीतील कलेविषयीचे एक पुस्तक मराठीत आणण्याचे काम गेली दोन वर्षे मी करीत होते. त्या निमित्ताने फ्लॉरेन्स नगरीतील कलासंग्रहालयांविषयी काही सांगावे, अशी इच्छा आपण व्यक्त केलीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. रिछाई ही कारखान्यांची वसाहत. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे वडील वा आजोबा १९०४ साली स्थापन झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीसाठी महाराष्ट्रातून आले. काहीजण १९६९ साली सुरू झालेल्या व्हेइकल फॅक्टरीत आले. अशा श्रोतृवृंदापुढे इटलीतील चित्रे व पुतळे यांची चर्चा करणे अप्रस्तुत वाटेल, असे मला एका स्नेह्यांनी सुचविले होते. मला तसे वाटत नाही. साचा, भट्टी आणि रस हे शब्द ज्यांच्या घरात रोज उच्चारले जातात, त्यांना फ्लॉरेन्समधील काही कृती इतरांपेक्षा अधिक चांगल्या समजतील, असा माझा विश्वास आहे. त्याचे प्रत्यंतर पुढे येईलच.

मी आज एकाच प्रश्नाभोवती बोलणार आहे. कलाकृती जेथे जन्मली तेथेच ती असावी, की ती सुरक्षित राहावी व सर्वांना पाहता यावी म्हणून तिला तेथून हलवावे? अनुवादकाला हा प्रश्न परका नाही. एका भाषेच्या मातीत रुजलेले वाक्य उपटून दुसऱ्या भाषेत लावणे, हाच आमचा व्यवसाय. त्यात काही मुळे तुटतात, हे आम्ही जाणतो. आणि ते वाक्य हलविले नाही तर लाखो वाचकांना ते कधी भेटणारच नाही, हेही जाणतो. संग्रहालय चित्राच्या बाबतीत नेमके हेच करते. म्हणून फ्लॉरेन्सला गेल्यावर प्रत्येक दालनात मी स्वतःला विचारीत असे, की ही वस्तू येथे कोठून आली, येताना तिने काय गमावले आणि येथे तिला काय लाभले?

प्रथम त्या नगरीचा थोडा वृत्तांत सांगते. पंधराव्या शतकापासून मेदिची नावाच्या सराफी पेढीच्या घराण्याचे तेथे वर्चस्व होते. पुढे ते घराणे राजपदाला पोहोचले. त्यातील पहिला कोसिमो याने १५६० साली जोर्जो वासारी या चित्रकार-स्थापत्यकाराकडून राज्याच्या निरनिराळ्या खात्यांसाठी एक विस्तीर्ण इमारत बांधावयास घेतली. ‘उफीत्सी’ या नावाचा मूळ अर्थच मुळी ‘कचेऱ्या’ असा आहे. जगातील एका थोर चित्रसंग्रहाचे नाव मराठीत आणावयाचे तर ‘कचेरी’ असेच लिहावे लागेल, हे लक्षात आल्यावर माझी चांगलीच करमणूक झाली. वरच्या मजल्यावर राजघराण्याच्या संग्रहातील पुतळे व चित्रे मांडण्यास सोळाव्या शतकाच्या अखेरीस आरंभ झाला, आणि १७६९ साली तो संग्रह रीतसर लोकांसाठी खुला करण्यात आला.

या दोन घटनांच्या मध्ये एक प्रसंग घडला, आणि माझ्या मते फ्लॉरेन्सच्या इतिहासातील तो सर्वांत मोलाचा प्रसंग आहे. १७३७ साली मेदिची घराण्याचा अखेरचा राजा निपुत्रिक वारला. राज्य लोरेन घराण्याकडे जाणार, हे युरोपातील बड्या सत्तांनी आधीच ठरवून टाकले होते. मागे उरली ती राजाची बहीण आना मारिया लुईजा. तिच्या हाती सैन्य नव्हते, गादीवर तिचा हक्क कोणी मानीत नव्हते. परंतु चित्रे, पुतळे, ग्रंथ आणि रत्ने यांवर तिची मालकी होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिने नव्या राजवंशाशी करार केला. हा सारा संग्रह राज्याला द्यावयाचा, परंतु त्यातील काहीही राजधानीबाहेर न्यावयाचे नाही, अशी त्यातील अट होती. हा संग्रह राज्याचे भूषण आहे, लोकांच्या उपयोगाचा आहे आणि परदेशी लोकांचे कुतूहल जागविणारा आहे, अशी कारणेही त्या करारात नमूद आहेत. बाई १७४३ साली वारल्या. आज जगभरातून प्रवासी तेथे जातात ते या एका अटीमुळे. राजघराणी बदलताना संग्रह कसे उधळले जातात, हे आपल्या देशातील संस्थानांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळे सांगावयास नको.

आता उफीत्सीच्या आत जाऊ. आरंभीच्याच एका दालनात मातेचे व बाळ येशूचे तीन भव्य फलक एकत्र ठेवलेले आहेत. एक चिमाबुएचा, एक दुच्चोचा आणि एक जोत्तोचा. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्याचा आरंभ, एवढ्या काळातील हे तिन्ही फलक शहरातील तीन वेगवेगळ्या चर्चमधून आलेले आहेत. विषय एकच, सोनेरी पार्श्वभूमीही तीच. पहिल्या दोन चित्रांतील माता सिंहासनावर बसलेली असली, तरी जणू तरंगते. जोत्तोच्या चित्रात मात्र तिच्या देहाला वजन आहे. वस्त्राखाली गुडघे आहेत, आसनाला खोली आहे. युरोपीय चित्रकला येथे वळण घेते, असे कलेतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचतो. त्या दालनात ते वळण डोळ्यांना दिसते. ही तीन चित्रे आपापल्या चर्चमध्येच राहिली असती, तर एकातून दुसऱ्यात चालत जाईपर्यंत पहिल्याची स्मृती पुसट झाली असती. तुलना हे संग्रहालयाचे मोठे दान आहे. त्याची किंमतही तेथेच कळते. हे फलक वेदीवर, मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात, गुडघे टेकून वर पाहणाऱ्या भाविकांसाठी रंगविलेले होते. स्थिर विजेच्या प्रकाशात, उभ्याने आणि घाईने पाहणाऱ्यांसाठी ते नव्हते.

जी कलाकृती हलली नाही, ती कशी दिसते? त्यासाठी सान मार्कोच्या मठात जावे. पंधराव्या शतकात हा मठ नव्याने बांधला गेला, आणि त्याच मठातील एक संन्यासी, ज्याला जग फ्रा अँजेलिको या नावाने ओळखते, त्याने आपल्या साहाय्यकांसह चाळीसांहून अधिक खोल्यांच्या भिंती रंगविल्या. १८६९ पासून तेथे संग्रहालय आहे. परंतु चित्रे आहेत तेथेच आहेत. जिना चढताना समोरच्या भिंतीवर देवदूत मरीयेला येशूच्या जन्माची वार्ता सांगत आहे, असे चित्र दिसते. पायऱ्या चढणाऱ्याच्या दृष्टीला ते हळूहळू येते. पुढे प्रत्येक लहानशा खोलीत एक खिडकी व एक चित्र. ते चित्र एका संन्याशाने आयुष्यभर पाहावयाचे होते. त्यात अलंकरण फार थोडे आहे, कारण रोज पाहावयाच्या चित्राने पाहणाऱ्याला थकवू नये.

येथे मला अनुवादातील एक अडचण आपल्यापुढे मांडावीशी वाटते. या चित्रांना इटालियन भाषेत ‘फ्रेस्को’ म्हणतात आणि आपण सरसकट ‘भित्तिचित्र’ म्हणतो. अजिंठ्याच्या चित्रांनाही आपण तोच शब्द वापरतो. पण दोहोंचे तंत्र भिन्न आहे. अजिंठ्यात सुकलेल्या गिलाव्यावर चिकट माध्यमाने रंग बसविले आहेत. फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. गिलावा वाळताना चुन्याची हवेशी जी रासायनिक क्रिया होते तिच्यामुळे रंग भिंतीतच कोंडला जातो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगविता येईल तेवढाच गिलावा गवंडी सकाळी लावीत असे, आणि त्या तुकड्याला ‘दिवसाचे काम’ असेच नाव होते. बारकाईने पाहिले, तर त्या सांध्यांवरून एखादे चित्र किती दिवसांत झाले हे मोजता येते. मी अनुवादात अखेर ‘ओल्या गिलाव्यावरील भित्तिचित्र’ असा लांबट शब्दप्रयोग केला. तो कानाला फारसा गोड नाही, पण त्यामुळे एक गोष्ट वाचकाला कळते. असे चित्र म्हणजे भिंतच होय. ते भिंतीपासून वेगळे करणे अशक्य नसले, तरी कातडी सोलण्यासारखे आहे.

आणि तरीही कधी कधी हलविणे हाच धर्म ठरतो. मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ १५०४ साली नगरसभेच्या प्रासादाच्या दाराशी, भर चौकात उभा करण्यात आला. बलाढ्य शत्रूपुढे एकटा उभा राहिलेला तरुण हे त्या छोट्या प्रजासत्ताकाने स्वतःचे प्रतीक मानले होते. ऊनपावसाने संगमरवराची हानी होऊ लागली, तेव्हा १८७३ साली तो पुतळा आकादेमिया या संग्रहालयात नेण्यात आला, आणि १९१० साली चौकात त्याची प्रतिकृती आली. आज एकाच दिवशी दोन्ही पाहता येतात. आकादेमियातील पाच मीटरांहून उंच मूर्तीजवळ उभे राहिले, की हातावरच्या शिरा दिसतात, कपाळावरची आठी दिसते. चौकातील प्रतिकृतीत ते सारे बोथट आहे, परंतु तिच्या पाठीशी प्रासादाची दगडी भिंत आहे, समोर गर्दी आहे, डोक्यावर आकाश आहे. मूळ पुतळा आपले स्थान गमावून बसला आहे आणि प्रतिकृतीने ते राखले आहे. दोन्ही मिळूनच तो पुतळा पुरा होतो, असे मला वाटते. चांगला अनुवादही मूळ ग्रंथाची जागा घेऊ पाहत नाही. जेथे मूळ पोहोचू शकत नाही तेथे तो उभा राहतो.

निसर्गाच्या कोपाचाही विचार करावयास हवा. १९६६ च्या नोव्हेंबरच्या ४ तारखेस आर्नो नदीला महापूर आला. सांता क्रोचे येथील चिमाबुएचा भव्य लाकडी क्रूस चिखलात बुडाला व त्यावरील रंगांचा अर्ध्याहून अधिक भाग वाहून गेला. गिबेर्तीने घडविलेल्या बाप्तिस्मागृहाच्या सोनेरी दारांचे दहांपैकी पाच फलक पाण्याच्या लोंढ्याने निखळले. देशोदेशींचे तरुण चिखलातून ग्रंथ व चित्रे बाहेर काढण्यासाठी धावून आले. त्या दारांची दुरुस्ती पुढे कित्येक वर्षे चालली. १९९० साली बाप्तिस्मागृहाला प्रतिकृतीची दारे बसविण्यात आली, आणि मूळ दारे २०१२ पासून जवळच्याच कॅथीड्रलच्या संग्रहालयात काचेआड उभी आहेत. तथापि, संग्रहालयाच्या भिंतीही अभेद्य नसतात. १९९३ च्या मे महिन्यात उफीत्सीलगत घडवून आणलेल्या बाँबस्फोटात पाच माणसे मृत्यू पावली आणि काही चित्रे कायमची नष्ट झाली.

आता मी आपल्या रिछाईकरांच्या विषयाकडे येते. याच बाप्तिस्मागृहाच्या एका दारासाठी १४०१ साली स्पर्धा लावण्यात आली. अब्राहामाने केलेला इसहाकाचा बळी हा विषय दिलेला होता. गिबेर्ती आणि ब्रुनेल्लेस्की या दोघांचे कांस्याचे नमुनाफलक बार्जेल्लो संग्रहालयात आजही शेजारी शेजारी टांगलेले आहेत. सौंदर्याच्या दृष्टीने कोणता सरस, यावर विद्वान अजून वाद घालतात. परंतु ओतकाम जाणणाऱ्याने ते पाहिले तर त्याला वेगळीच गोष्ट दिसेल. ब्रुनेल्लेस्कीने आकृत्या स्वतंत्र ओतून पाटावर जोडल्या. गिबेर्तीने बहुतांश फलक एकसंध, आतून पोकळ राखून ओतला. त्यामुळे त्याचा फलक सुमारे सात किलोंनी हलका भरला. एका दारात असे अठ्ठावीस फलक बसवावयाचे होते. दाराचे वजन, बिजागऱ्यांवरचा भार आणि धातूचा खर्च यांचा हिशेब आपण येथे बसल्या बसल्या करू शकाल. गिबेर्तीला काम मिळाले, त्यात हा हिशेब नसेल असे मला तरी वाटत नाही.

दुसरे उदाहरण चेल्लिनीच्या ‘पर्सिअस’चे. १५५४ साली तो पुतळा चौकातील कमानींखाली बसविण्यात आला आणि तेथेच आहे. चेल्लिनीने आत्मचरित्रात त्याच्या ओतण्याचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. तो तापाने अंथरुणावर पडला असता भट्टीतील रस गोठू लागल्याची बातमी आली. तो उठला, ओकाची वाळलेली लाकडे भट्टीत घातली, आणि रस तरीही नीट वाहीना, तेव्हा घरातील कथलाची सुमारे दोनशे भांडी त्यात टाकली. चेल्लिनी स्वतःचा डंका पिटणारा मनुष्य होता, हे खरे. पण कथलाने कांस्याचा वितळणबिंदू उतरतो व रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. हा मजकूर अनुवादताना माझ्यापाशी शब्द अपुरे पडले, तेव्हा मी कोश मिटला आणि याच वसाहतीतील ओतशाळेत काम केलेल्या एका आजोबांकडे गेले. त्या पानांतील पारिभाषिक शब्द त्यांचे आहेत.

युरोपातील ही संग्रहालये पाहून आपल्या लोकांनी काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८८७ साली प्रथम युरोपला गेले. पुढे त्यांनी अनेक प्रवास केले. त्यांच्या राजधानीत १८९४ मध्ये वस्तुसंग्रहालयाची इमारत पुरी झाली. शेजारच्या चित्रशाळेसाठी युरोपीय चित्रे निवडण्याचे काम मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडे सोपविले होते. १९१४ साली इमारत तयार झाली. परंतु महायुद्धामुळे चित्रे इंग्लंडातच अडकली आणि चित्रशाळा १९२१ साली उघडली. ज्या प्रजाजनाला समुद्र ओलांडणे शक्य नव्हते, त्याला अस्सल युरोपीय चित्र आपल्या गावात पाहता आले.

औंध हे तर साताऱ्याकडचे चिमुकले संस्थान. तेथील भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. रविवर्म्याची चित्रे, युरोपीय नामवंत कृतींच्या प्रतिकृती आणि हेन्री मूरचे एक लहानसे ‘माता व मूल’ हे शिल्प, असा तो संग्रह. त्याच औंधात वाढलेले माधव सातवळेकर, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे चिरंजीव, १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लॉरेन्स, लंडन व पॅरिस येथे चित्रकला शिकले आणि पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. देवदर्शनाला डोंगर चढून आलेल्या शेतकऱ्याला एका दालनात देशीविदेशी कला एकत्र दिसावी, ही दृष्टी आजही दुर्मिळ आहे. प्रतिकृतींना नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. आम्ही अनुवादक त्यांत सामील होऊ शकत नाही.

श्रोतेहो, आता आपल्या नगरीकडे वळते. येथून थोड्याच अंतरावर तेवर हे गाव आहे. कलचुरी राजांची त्रिपुरी ती हीच. १९५२ साली सागर विद्यापीठाच्या वतीने मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. कलचुरींचे कोरीव लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले. ही दोन्ही माणसे मराठी होती. मिराशींनी संपादिलेल्या लेखांत भेडाघाटचा एक शिलालेख आहे. गयाकर्णाची विधवा राणी आल्हणदेवी हिने, पुत्र नरसिंहाच्या राज्यात, ११५५ साली शिवमंदिर बांधले. त्यासोबत मठ, व्याख्यानशाळा आणि उद्याने निर्माण केली व खर्चासाठी दोन गावे लावून दिली, असे तो सांगतो. तो शिलालेख आज भेडाघाटास नाही. एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने तो मिळविला आणि तो अमेरिकेत न्यू हेवन येथे अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेला.

हॉल यांना मी चोर म्हणणार नाही. त्यांनी लेख वाचला, प्रसिद्ध केला, आणि त्या काळी बेवारस पडलेले दगड गिट्टीसाठी फोडले जात, हेही विसरून चालणार नाही. परंतु दोन स्त्रिया माझ्या डोळ्यांपुढे एकत्र उभ्या राहतात. दोघींनीही लोकांसाठी काही मागे ठेवले. फ्लॉरेन्सच्या राजकन्येने ‘येथून हलवू नये’ अशी अट लिहून घेतली, आणि ती अट पाळणारे नगरवासी तिला पुढील पावणेतीनशे वर्षे मिळत गेले. आल्हणदेवीने आपले दान दगडावर कोरले. तो दगडच गावाबाहेर गेला, आणि आपल्यापैकी कितीजणांना त्याचे नाव ठाऊक आहे? अट लिहून ठेवणे पुरेसे नसते. ती पाळावीशी वाटणारी प्रजा लागते.

जे उरले आहे ते थोडे नाही. भेडाघाटच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळ आहे. मूर्तींचे हात, नाके तुटली आहेत, पण त्या आपापल्या कोनाड्यांत बसल्या आहेत आणि पीठावर त्यांची नावे कोरलेली आहेत. ते आपले सान मार्को होय. भंवरताल उद्यानात १९७६ साली स्थापन झालेले राणी दुर्गावती संग्रहालय आहे; आसपासच्या परिसरातील कलचुरी शिल्पे तेथे एकत्र पाहता येतात. ते आपले उफीत्सी. एका ठिकाणी स्थान आहे, दुसऱ्या ठिकाणी तुलना. फ्लॉरेन्समध्ये मी जे शिकले, ते या दोन ठिकाणी एकाच दिवसात शिकता येईल. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्याला लागू पडू नये, एवढीच इच्छा.

आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशी आहेत, ते कधीतरी फ्लॉरेन्सला जातील. त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. उफीत्सी व आकादेमिया सोमवारी बंद असतात, हे ध्यानी ठेवावे व प्रवेशपत्रे आधी काढावीत. एका दिवसात एकच मोठे संग्रहालय पाहावे. एका दालनात शंभर चित्रे असली, तरी तीनच निवडावीत आणि त्यांपुढे बाकावर बसावे. चित्राशेजारच्या पाटीवर कलावंताचे नाव वाचून थांबू नये. ते चित्र कोणत्या चर्चमधून, कोणत्या घरातून आले हे वाचावे आणि शक्य असेल तर ती मूळ जागाही जाऊन पाहावी. शहरात ती बहुधा चालत पोहोचण्याइतकी जवळ असते. मायदेशी परतल्यावर हाच प्रश्न आपल्या गावातील मूर्तीपुढेही विचारावा. पिंपळाखाली शेंदूर फासून ठेवलेला एखादा कलचुरी तुकडा कोणी गाडीत घालून नेऊ लागला, तर त्याला अडवून ‘कोठे नेता?’ एवढे विचारण्याची ज्याला बुद्धी होईल, त्याने फ्लॉरेन्स पाहिले असे मी समजेन.